यादीतली आठवी ओळ

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या बाजूने एवढंच सांगतो, यात पदरचं काही घातलेलं नाही. मी गोदामात माल तपासणारा माणूस आहे. आलेल्या मालातली खोट काढायची आणि ती कागदावर लिहायची, यावर माझं पोट चालतं. नसलेलं लिहिलं तर नोकरी जाईल.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही.

दिवस मंगळवार. सुट्टीचा पहिलाच दिवस. दुपारी पावणेतीन ते साडेतीन. डोंगरावरचं भाड्याचं घर.

आम्ही चौघं होतो. मी, माझी बायको, आई आणि आमची सात वर्षांची भिंगरी. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. बायको नर्स आहे, त्यामुळे समोर काहीही घडलं तरी तिच्या तोंडावर काही दिसत नाही. धंद्याची सवय.

वडील मागच्या वर्षी गेले. तेही त्याच गोदामात, त्याच खुर्चीवर काम करायचे. हे काम मी त्यांच्याकडूनच शिकलो. त्यांचा एक नियम होता. लिहिलेलं गिरवून खोडायचं नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी आपली सही, आणि समोर हजर असलेल्या माणसाची दुसरी सही. "दोन सह्यांशिवाय रद्द झालेलं काही रद्द नसतं," म्हणायचे.

ते गेल्यापासून आई बोलायचीच थांबली. दुपारच्या चहाला अजून दोन कप भरायची. एक पिऊन टाकायची, एक बेसिनमध्ये ओतायची. तिला हवापालट व्हावा म्हणून ही सगळी उठाठेव.

फोटोत ते घर म्हणजे नवरदेव होतं. प्रत्यक्षात नवरदेवाचा थकलेला काका निघाला.

जाहिरातीत लिहिलं होतं, खिडकीतून तळं दिसतं. दिसत होतं की. न्हाणीघराच्या खिडकीतून, स्टुलावर चढून, मान डावीकडे वळवली तर.

किल्ली कुंडीखाली. माणूस कोणी नाही. फोनला रेंज नाही. चहूकडे धुकं.

"आता तोंड पाडून बसू नका," बायको म्हणाली. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"फसवलंय घरमालकाने आपल्याला."

"मग काढा तुमचं पॅड. त्याशिवाय तुमचं जेवण पचायचं नाही."

काढलं. ऑफिसचं पॅड माझ्या बॅगेत कायम असतं. घरभर फिरलो, सगळं हलवून, ढकलून, मोजून पाहिलं. जिनासुद्धा मोजला. तेरा पायऱ्या. वरच्या नऊ वळणाआड, खालच्या चार समोर.

यादी अशी झाली.

१. जेवणाच्या खुर्च्या फोटोत पाच, प्रत्यक्षात चार.
२. भिंतीवरचं घड्याळ बंद.
३. नळाला गरम पाणी नाही.
४. खिडक्यांना फटी. वारा येतो.
५. मुख्य दरवाजा घट्ट बसत नाही.
६. जिन्याचा कठडा हलतो.
७. वरच्या खोलीत दिवा नाही.

बायकोने वाचली. "आपण चौघं. पाचव्या खुर्चीवर कोणाला बसवणार आहात?"

"प्रश्न बसण्याचा नाही, त्याने कबूल केल्याचा आहे."

"धन्य आहे."

"बाबा, मी पण लिहू?" भिंगरी माझ्या कोपराला लोंबकळत होती.

"लिही," मी म्हणालो. पाहिलंसुद्धा नाही. पॅड तिच्या हातात दिलं आणि गाडीतल्या बॅगा आणायला गेलो. यादीखाली मी सही केली होती, ते नीट आठवतं. सहीच्या वर ती काय लिहिणार, ते विचारलंच नाही.

आत कोंदट वास येत होता, म्हणून आम्ही बाहेरच्या पायरीवर बसून ब्रेड आणि उकडलेली अंडी खाल्ली. दरवाजा मागे उघडाच. वाऱ्याने किरकिरत होता. आत जायचं तर आमच्या मांडीवरूनच जावं लागलं असतं.

म्हणजे आत कोणी गेलं नाही. हे लक्षात ठेवा.

जेवण आटोपून आत आलो आणि बायको थबकली.

"ऐकू येतंय?"

टिक... टिक... टिक...

घड्याळ चालू होतं.

"बसला असेल दणका वाऱ्याचा," मी म्हणालो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून भिंगरी ओरडली. हात धुवायला गेली होती. नळातून वाफ येत होती. तिची बोटं लाल झाली होती.

बायकोने तिचा हात ओढून घेतला, पाहिला, फुंकर घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो... खुर्च्या मोजा."

पाच.

मी पाचवी उलटी केली. सवय.

बाकीच्या चार खुर्च्यांना खाली स्क्रू होते, सांधे होते, वाळलेला गोंद होता. हिला काहीच नव्हतं. ना स्क्रू, ना सांधा. पाय, पाठ, बैठक... सगळं एकातून एक उगवल्यासारखं.

गोदामात याला आम्ही बदली माल म्हणतो. तक्रार केली की येतो. दिसायला अगदी तस्साच.

पण तो तोच नसतो.

"चला," बायको म्हणाली. "बॅगा राहू देत. आई, उठा."

त्याच वेळी मागे... एक मऊ आवाज झाला. जड पुस्तक मिटावं तसा.

दरवाजा बंद झाला होता.

मी कडी ओढली. हलेना. पाय लावून ओढली. दरवाजा आणि चौकट यांच्यामध्ये नख जाईल एवढीही फट उरली नव्हती. सकाळी त्यातून माझी चार बोटं जात होती.

खिडकीकडे धावलो. फटी गेलेल्या. एक खुर्ची उचलून काचेवर घातली. खुर्चीचा पाय मोडला. काचेला काही नाही.

आणि आवाजही झाला नाही. काचेवर लाकूड आपटलं... आणि काहीच ऐकू आलं नाही.

"बाबा, आपण अडकलो?"

"नाही गं. दार फुगलंय दमट हवेने."

"खोटं बोलता येत नाही तर कशाला बोलता?" बायको हळूच म्हणाली. तिचा हात भिंगरीच्या मनगटावर होता. नाडी मोजावी तसा.

मी जिन्याच्या कठड्याला धरलं. सकाळी तो दातासारखा हलत होता.

आता हलेना.

मग कुठे टाळक्यात उजेड पडला. चार, पाच, सहा... घर माझी यादी वाचत होतं. एकेक तक्रार दूर करत होतं. दार घट्ट बसत नाही अशी तक्रार कोणी केली होती? मीच. आमच्या पायावर धोंडा मीच पाडून घेतला होता.

सात. वरच्या खोलीत दिवा नाही.

जिन्याच्या वळणावरच्या भिंतीवर, वरून... पिवळा उजेड पडला.

"झालं," मी म्हणालो. "संपली यादी. सातच होत्या."

"आठ," भिंगरी म्हणाली.

पॅड टेबलावर होतं. माझ्या सातव्या ओळीखाली, वाकड्या अक्षरात, पेन्सिलीने...

८. आजोबा नाहीत.

वर कोणीतरी खोकलं.

दोनदा. वडील दोनदाच खोकायचे, उठण्याआधी.

आईच्या हातातली पिशवी खाली पडली. गेल्या वर्षभरात मी तिचा चेहरा तसा पाहिला नव्हता. वीस वर्षांनी लहान झाली होती.

"हे उठले," ती म्हणाली.

टक्.

काठी. पहिल्या पायरीवर. मग पाय घासत आल्याचा आवाज. वडिलांचा डावा गुडघा गेलेला होता. त्या गुडघ्यासाठीच आम्ही जुनं घर सोडून तळमजल्यावर राहायला आलो. जुन्या घरी ते जिना उतरायला लागले की आई खालून रोज म्हणायची, "सावकाश या, घाई नाही."

पण त्यांची काठी आमच्या घरी कपाटामागे आहे. मी स्वतः ठेवली आहे.

टक्.

पुन्हा दोनदा खोकला. हा खोकला पहिल्यासारखाच होता. म्हणजे हुबेहूब. तेवढाच लांब, तेवढाच घोगरा, शेवटी तेवढाच तुटलेला. माणूस दोनदा सारखा खोकत नाही. साचा खोकतो.

सांधा नसलेली खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर आली.

पेन काढलं. पाचव्या ओळीवर आडवी रेघ मारली. शेजारी सही केली. दरवाजा कुरकुरला. सैल झाला... उघडला मात्र नाही.

टक्. तिसरी.

"दोन सह्या लागतात ना?" बायकोने माझ्या हातातून पेन हिसकावून घेतलं. "इथे?" तिने सही ठोकली.

दरवाजा वाऱ्याने आपटून उघडला. धुकं आत आलं.

"तू हिला घेऊन गाडीत बस. मी आईला आणतो."

बायको भिंगरीला कडेवर घेऊन पळाली. मी वळलो.

आई पाचव्या खुर्चीशेजारची खुर्ची ओढून बसली होती. पदराने ती पाचवी खुर्ची पुसत होती.

"आई, चल."

"तुम्ही व्हा पुढे."

"आई, ते बाबा नाहीत गं."

"तुला काय ठाऊक? तू बघितलंस?"

"बदली आलेलं आहे ते. मी रोज बघतो असला माल. कळतं मला."

"तुझा माल तुझ्यापाशी ठेव," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "वर्षभर मी कप ओततेय बेसिनमध्ये. आज कोणी प्यायला येत असेल तर येऊ दे."

टक्. सातवी.

तिला उचलायला गेलो. माझी आई, चिमणीएवढं वजन. हलेना. कठड्यासारखी घट्ट बसली होती.

टक्. आठवी.

मी आठव्या ओळीवर पेन टेकवलं. रेघ ओढवेना. कबूल करतो, भीतीने नाही. एक क्षण मलाही वाटलं होतं की... येऊ दे. सहीचं वळणसुद्धा त्यांनीच शिकवलेलं. त्याच सहीने मी त्यांना...

टक्. नववी. यापुढची पायरी समोर होती.

भिंतीवरचा पिवळा उजेड जागचा हलला नाही. उजेडात माणूस आला की सावली पडते.

पडली नाही.

मी रेघ मारली. सही केली.

काठीचा आवाज थांबला. गेला नाही. थांबला. वळणाआड कोणीतरी श्वास घेत होतं, सारख्या मापाचा.

"आई, सही कर. तूच आहेस समोर. दुसऱ्या कोणाची चालणार नाही."

आईने पेन घेतलं. कागदाकडे पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं आणि माझ्या खिशात अडकवलं. जसं शाळेत जाताना अडकवायची.

मी तिच्या दंडाला धरून ओढलं. या वेळी ती उठली. हसतच उठली म्हणा ना. उंबऱ्यावर मात्र मागे वळली आणि जिन्याकडे बघून म्हणाली,

"सावकाश या. घाई नाही."

घाट उतरून रेंज आल्यावर मी मालकाला फोन केला. तोंडाला येईल ते बोलणार होतो. तोच आधी म्हणाला, "काही तक्रार?"

मी म्हणालो, "नाही. काही नाही."

तेव्हापासून मी कशालाच नावं ठेवत नाही. भाजी खारट झाली तरी गपचूप खातो. बायको म्हणते, चला, तेवढा तरी फायदा झाला. पण हल्ली तीही भिंगरीला पेन्सिल देताना समोर बसून राहते.

तो कागद माझ्याकडे आहे. जाळायची हिंमत होत नाही. जाळल्यावर रद्द काय होईल आणि कायम काय राहील, कोण सांगणार? आईला सहीसाठी किती विनवलं, मोजणं सोडून दिलं.

"करते की," ती म्हणते. "चष्मा सापडला की करते."

चष्मा तिच्या नाकावर असतो.

आमच्या घराला जिना नाही. आधीच सांगितलं, तळमजला आहे.

परवा दुपारी आई चहाचे दोन कप भरत होती. भिंगरी शाळेत, बायको कामावर. मी सुट्टी घेऊन घरी होतो. पंखा बंद होता. आणि कुठून ते सांगता येणार नाही, पण अगदी जवळून...

टक्.

एकदाच.

आईने मान वर केली नाही. दुसऱ्या कपावर बशी झाकली, निवू नये म्हणून.

मी मोजणारा माणूस. नऊ झाल्या होत्या, चार राहिल्या होत्या.

आता तीन.