ताईची तारीख

“बोलताना माझ्याकडे बघ ना ताई! भिंतीशी बोलतेस का?”

धाकट्या भावाच्या त्या शब्दांनी तिच्या काळजात चर्र झालं. ती त्याच्याकडेच तर बघत होती... उजव्या डोळ्यानं! डावा मात्र बाहेर, कानाकडे कलला होता. लहानपणी शस्त्रक्रियेनं सरळ झालेला तो डोळा वर्षभरातच पुन्हा फितूर झाला होता, आणि आताशा शिवणयंत्रावर बसलं की तिला एका सुईच्या दोन सुया दिसत.

परवा पुन्हा शस्त्रक्रिया होती. बाहेरचा स्नायू सैल करायचा, आतला आवळायचा. आणि भाऊ म्हणत होता, “तारीख पुढे ढकल. आम्ही नवरा-बायको बाहेरगावी चाललोय, बाबांना कोण बघणार? डोळाच तर आहे, पळून थोडाच जातोय!”

तारीख पुढे जायची ही तिसरी वेळ! लकव्यानं अर्धं अंग गेलेल्या वडिलांना भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं... सहा वर्षं ती या तीन खोल्यांत कोंडली होती. दार उघडंच असे. पण पाऊल बाहेर पडायचा अवकाश, आतून हाक येई.

“बरं,” ती म्हणाली. आयुष्यभर तिला तेवढंच येत होतं!

तोच पलंगावरून घोगरा आवाज आला. “नाही...”

भावाकडे बघत वडील एकेक शब्द ओढून आणत होते. “तेव्हाही... तुझ्यापायीच राहिलं. ही नऊ वर्षांची. दुसरं ऑपरेशन ठरलेलं... तुझा ताप मेंदूत गेला. पैसे एकापुरतेच... ही म्हणाली, आधी धाकट्याला बरं करा... मग राहिलं ते राहिलंच.”

भाऊ पांढराफटक पडला. याच नजरेची त्यानं मित्रांत टिंगल केली होती! “ताई... कधी बोलली का नाहीस गं?”

“काय बोलू? तू वाचलास, मला सगळं पावलं...”

तो तिच्या पायांशी बसून हमसाहमशी रडला.

शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. “पुन्हा कलणारच नाही, अशी हमी नाही देत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण आज सरळ आहे.”

लालबुंद डोळा घेऊन ती घरी आली, तेव्हा भाऊ वडिलांना भरवत होता. निम्मं खिमट सदऱ्यावर! तिनं सवयीनं चमचा घ्यायला हात पुढे केला.

“राहू दे ताई. आता माझी पाळी.”

ती खुर्चीत टेकली. मांडीवरच्या रिकाम्या हातांचं काय करावं, तिला कळेना... आणि मग तिचा बांध फुटला.