पुढे गेलेली

"ही पोर फार लांब जायची नाही," डॉक्टर तिच्या आईला म्हणाले होते. हळू आवाजात, पडद्यापलीकडे. पोरीने ते ऐकलं ते ऐकलंच. डावा पाय आखूड राहिला, पोर शिवण शिकली आणि आयुष्य मशीनपुढच्या स्टुलावर सरलं. केस पिकल्यावर एका सकाळी शिंपिणीने दुकानाला कुलूप घातलं, डाव्या बुटाला जाड तळ शिवून घेतला आणि डोंगररांग आरपार ओलांडणाऱ्या लांबच्या पायवाटेला लागली. शेवटच्या खिंडीतून समुद्र दिसतो म्हणे. तो बघायचा, स्वतःच्या पायांनी. धाकटी बहीण म्हणाली, वेड लागलंय तुला. ती म्हणाली, लागू दे की, शहाणपणाने इतकी वर्षं काय दिलं?

वाट चढत होती, ऊन उतरत होतं, आणि अनोळखी दारं आपणहून उघडत होती. कुणी पायांशी कोमट पाण्याची बादली आणून ठेवी, कुणी नको नको म्हणताना पिशवीत सफरचंदं कोंबी. एका मेंढपाळाच्या बायकोने तर दुधाचा पेला हातात देऊन वर आभारच मानले. परवा तुम्ही शिवून दिला नसतात तर आमचा तंबू वाऱ्याने नेला असता, म्हणाली. शिंपीण हसली. परवा ती डोंगराच्या पायथ्यालाही पोचली नव्हती.

बाई मात्र हसली नाही. तिच्या पायाकडे बघत राहिली. "पाय कधी मुरगळला हो? परवा तर हरणासारख्या चालत होतात."

शिंपिणीने तंबूचं ठिगळ बोटांनी चाचपलं. दोरा संपताना शेवटच्या गाठीआधी एक टाका उलटा घ्यायचा, ही तिच्या आत्याची खोड. आत्याने ती हिलाच दिली होती, दुसऱ्या कुणाला नाही. ठिगळाच्या कडेला तो उलटा टाका होता.

पुढे पुलाजवळच्या लोहाराच्या एप्रनला तोच टाका. तो म्हणाला, काल तुम्हीच तर शिवून दिलात. आणि राहा ना दोन दिवस, असंही म्हणाला. सगळेच म्हणत. इतकं गोड, इतकं परत परत, की ती ताट अर्धंच सोडून उठे. एका घरी सकाळी तिची काठी सापडेना. दुसऱ्या घरी बाहेरून कडी लागली होती. चुकून लागली असेल, म्हणत घरमालकिणीने ती उघडली, पण नजर वर उचलली नाही.

शिंपीण भराभर चालू लागली.

खिंडीखालच्या शेवटच्या विश्रामघरात ती भर दुपारी पोचली. म्हातारा रखवालदार दारातच उभा होता. आत खिडकीचा पडदा अर्धाच शिवलेला. सुई अजून दोऱ्याला लोंबत होती, हलत होती.

"कधी गेली ती?"

त्याने सूप पुढे केलं. आज वर जाऊ नका, हवा बिघडेल, म्हणाला. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. माझं सूप काही इतकं वाईट नसतं, बसा तरी, अशी थट्टाही करून पाहिली.

ती बूट आवळायला बाकावर बसली. आज पहाटेपासून डावा बूट छळत होता. जाड तळ उगाच उंच लागत होता, कंबर भलतीकडे कलत होती. तिने पिशवीतली कात्री काढली, तळाचे टाके उसवले आणि तो उचलून चुलीत टाकला.

रखवालदार दार अडवून उभा राहिला.

"बाजूला व्हा, दादा."

"बाई, ऐका माझं."

"जन्मभर ऐकलंय. व्हा बाजूला."

तो सरकला.

ती अंगण ओलांडून वाटेला लागली. पाऊल सरळ पडत होतं.

डावं.

उजवं.

मागून त्याचा आवाज आला, ओरडून नाही, जवळजवळ माफी मागितल्यासारखा.

"तुम्हाला इथेच धरून ठेवा, असं सगळ्यांना सांगत गेलीय ती. मलाही. आत्ता निघाली तेव्हा तिचा डावा पाय ओढत होता, बाई. तुम्हाला घाबरून पळतेय ती."