सिनेटरबाईंच्या भाषणातला ‘या’

“हे भाषण लिहिणारा माणूस नक्की गाढव असणार!” असं मी फोनवर माझ्या मैत्रिणीला, वीणाला, सांगत होते. तेही चांगलं मोठ्याने. हॅम्बर्गच्या बासष्ट नंबरच्या बोटीवर मराठी कोणाला कळणार?

बाहेर इथला नेहमीचा पाऊस होता. धड पडत नाही, धड थांबत नाही. माझ्या मांडीवर सिनेटर हिन्रिक्सनबाईंच्या भाषणांचा गठ्ठा होता. हॅम्बर्गमध्ये राज्याच्या मंत्र्यांना सिनेटर म्हणतात, आणि या बाई बर्लिनला बुंडेसराटमध्ये, म्हणजे राज्यांच्या सभागृहात, देशाच्या धोरणांवर बोलतात. त्यांच्या त्या भाषणांवरच माझी पीएचडी चालू होती.

“अगं, एकसष्ट शब्दांचं एक वाक्य! क्रियापद येईपर्यंत माणूस म्हातारा होईल.”

समोरच्या बाकावरचा तरुण कॉफी पिता पिता ठसकला. रुमालाने हनुवटी पुसून तो अगदी शांतपणे, जर्मनमध्ये म्हणाला, “ते गाढव मीच.”

मी फोन बंद केला. वीणाला ‘ठेवते’ म्हणायचंही सुचलं नाही.

“तुम्हाला… मराठी येतं?”

“कळतं.” हेही जर्मनमध्येच. “त्यात ‘गाढव’ तर फारच चांगलं कळतं. निकालाच्या दिवशी बाबा वापरायचे.”

चेहरा सरकारी, पण डोळे मात्र हसत होते. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं मला. पण खाली धरणी नव्हती, एल्बे नदी होती.

त्याचं नाव मल्हार. जन्म हॅम्बर्गचा, घर बोटीच्या शेवटच्या थांब्यावर, फिंकेनवेर्डरला, आणि नोकरी सिनेटरबाईंच्या कार्यालयात भाषणं लिहायची. उतरताना त्याने माझ्या गठ्ठ्यातला तो कागद मागून घेतला, उभ्या उभ्या पेनाने त्या एकसष्ट शब्दांची चार वाक्यं केली आणि परत दिला. “आता म्हातारं न होता वाचता येईल,” म्हणाला.

त्यानंतर दर गुरुवारी मी तीच बोट पकडू लागले. योगायोग, असं वीणाला सांगायचे. वीणा म्हणायची, “हो हो ऊर्जा, योगायोगाने केस धुतेस, योगायोगाने काजळ घालतेस.”

मी मराठीत बोलायचे, तो जर्मनमध्ये उत्तरं द्यायचा. शेजारच्या म्हाताऱ्या बायका आमच्याकडे टकामका बघत राहायच्या.

“एकदा तरी मराठीत बोल ना,” मी म्हणाले.

“अकरा वर्षांचा असताना पुण्यात मी ‘मी आली’ म्हणालो. भावंडं तीन आठवडे हसत होती.” त्याने खांदे उडवले. “तेव्हापासून मी फक्त ऐकतो. आणि ऐकायला मला आवडतं… तुला तर फारच.”

हे म्हणून तो लगेच खिडकीबाहेरच्या क्रेन मोजायला लागला. मी त्याच्या लाल झालेल्या कानांकडे बघत बसले.

माझं काम म्हणजे सभागृहात बोललेलं आणि इतिवृत्तात छापलेलं यातला फरक शोधणं. छापताना चाचरणं, अडखळणं सगळं गाळून टाकतात. आणि बाईंना एक सवय होती. खरं, मनातलं वाक्य यायच्या आधी त्या हातातला कागद खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, “या…” जर्मनमध्ये ‘या’ म्हणजे ‘हो’. पण बाईंचा तो होकार नव्हता. तो नुसताच हवेत राहायचा, मग शांतता, आणि मग ते वाक्य. छापील कागदावर या ‘या’चा मागमूसही नसे. व्हिडिओ बघून बघून मी असे त्रेचाळीस ‘या’ टिपले होते.

“त्याचा अर्थ काय लिहू?” मी मल्हारला विचारलं.

“थांबा, खरं वाक्य अजून यायचंय.”

“आणि तुझं खरं वाक्य कधी यायचंय?”

“माझं?” वारा आत आला म्हणून त्याने माझे कागद तळव्याने दाबून धरले. त्या कागदांवर माझाही हात होता. दोघांनीही तो काढला नाही. “माझा मसुदा चालू आहे.”

मी त्याच्या प्रेमात पडले होते. त्यात संदिग्ध असं काहीच नव्हतं.

प्रबंध सादर झाला आणि दूर दक्षिणेतल्या एर्लांगेनहून बोलावणं आलं. विद्यापीठात दोन वर्षांचं संशोधनाचं काम, अगदी मला हवं होतं तसं. उत्तर शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत द्यायचं होतं. त्या गुरुवारी नेमकी बोटीवरची भेट चुकली, कारण मल्हार दुपारीच बाईंबरोबर बर्लिनला गेला होता. मग लायब्ररीत बसून मी त्याला लिहिलं. आपण सगळे लिहितो तसंच, मराठी, पण रोमन अक्षरांत. ‘एर्लांगेनने बोलावलंय. दोन वर्षं. जाऊ का मी?’

तो लिहितोय असं फोनवर दिसलं. थांबला. पुन्हा लिहायला लागला. पुन्हा थांबला. आणि मग उत्तर आलं. दोन अक्षरं, जे आणि ए, आणि पुढे टिंबं.

‘जा…’

बस. ‘जाऊ नकोस’ नाही, ‘मग माझं काय’ नाही. पाहुण्याला निरोप देतानासुद्धा माणूस दोन शब्द जास्त बोलतो! मी ‘बरं’ असं लिहिलं आणि फोन बंद करून टाकला. राग आला की मी आधी भांडते आणि मग रडते. त्या दिवशी भांडायला समोर कोणी नव्हतं, म्हणून सरळ रडलेच.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला बुंडेसराटचं कामकाज सुरू झालं. प्रबंध संपला तरी हाताला सवय लागलेली. लॅपटॉपवर थेट प्रक्षेपण लावून मी बसले. विषय होता परदेशी विद्यार्थ्यांचा. इथे शिकून पुढे देश सोडून जाणाऱ्यांसाठी राहण्याचे नियम सोपे करावेत की नाही. बाई उभ्या राहिल्या. तीन-चार मिनिटं आकडे वाचले. मग कागद खाली ठेवला.

“या…”

मी कान टवकारले.

“आपण विचारतो, ही मुलं निघून का जातात. पण ‘थांबा’ असं त्यांना आपल्यापैकी कोणी म्हटलं का? कायद्याने नाही म्हटलं, तोंडानेही नाही. आपण आपलं वाक्य जुळवत बसलो. आणि ती गेली.”

मी सवयीने तक्त्यात नोंद करायला घेतली. भाषण जर्मन, म्हणून नोंदही जर्मनमध्ये. जे, ए, टिंबं… आणि माझी बोटं कीबोर्डवरच थबकली. 

हे तर कालचंच उत्तर! बोलताना ‘या’, पण लिहिताना जे आणि ए. मराठी वाचायला गेलं तर ‘जा’. त्याने मला ‘जा’ म्हटलंच नव्हतं. तो त्याच्या भाषेत नुसता अडखळला होता, आणि वाक्य अजून यायचं होतं. त्रेचाळीस वेळा टिपलेला शब्द, पण माझ्यासाठी आला तेव्हा मला ओळखता आला नाही. आणि वर फोनही बंद करून बसले!

फोन चालू केला. त्याचे चार कॉल येऊन गेले होते आणि एक ओळ होती: ‘गाडी पाच वाजता पोचते.’

मी स्टेशनवर पावणेपाचलाच हजर होते. गाडी अर्धा तास उशिरा आली. मल्हार उतरला, ओला कोट, विस्कटलेले केस. मला बघून आहे तिथेच उभा राहिला.

“तू मला ‘जा’ म्हणालास!”

“मी? कधी?”

मी फोन त्याच्या नाकासमोर धरला. त्याने मोठ्याने वाचलं, “या…” मग ओठांतल्या ओठांत मराठीत वाचलं आणि चेहराच उतरला. “देवा! ऊर्जा, नाही… मी फक्त…”

“कळलं मला. बाईंचं भाषण ऐकलं. ते वाक्य तुझं ना?”

“पहाटे घातलं. बाई म्हणाल्या, हे धोरणाचं वाटत नाही, एखाद्या मुलीसाठी लिहिलेलं वाटतंय. पण म्हणते मी.”

“बाईंच्या तोंडून काय सांगतोस? मला बुंडेसराटचं प्रेम नकोय.” मी फोनवरचं घड्याळ त्याला दाखवलं. “सहापर्यंत उत्तर द्यायचंय मला. बोल.”

“या…” तो म्हणाला आणि थांबला.

तोंडावर आलेले दहा शब्द मी गिळले. शेजारच्या फलाटावरून एक गाडी सुटली, दुसरी लागली. मी थांबून राहिले.

“मी घाबरली,” तो म्हणाला. मराठीत. “मला तू हवी. हॅम्बर्गमध्ये हवी. एर्लांगेनमध्ये… पण हवी. तिकडे काम छान आहे, तू जायचं. मी येणार. शुक्रवारी येणार, रविवारी परत. तुला ‘थांब’ बोलायचं होतं काल. पण गावात नाही…” त्याने हात छातीवर ठेवला. “इकडे थांब. माझ्यात.”

त्यातली एकही चूक मी दुरुस्त केली नाही. डोळे पुसले, बाकावर बसले आणि एर्लांगेनला होकार कळवून टाकला. अजून सहाला दहा मिनिटं होती.

तो शेजारी येऊन बसला. “आणि माझं उत्तर?”

“तुला लेखी हवंय की तोंडी?”

त्याने क्षणभर विचार केला. “तोंडी.”

मग मी त्याच्या कोटाची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं आणि उत्तर तोंडीच दिलं. त्यात शब्द मात्र एकही नव्हता.