गाडीचा उसासा

"शपथेवर सांगतो, ती पाणी पिते," पोपट म्हणाला.

"कोण?" दादाने विचारलं.

"गाडी. पप्पा रोज सकाळी रेडिएटर गळ्यापर्यंत भरतात. दुसऱ्या दिवशी झाकण उघडावं, तर तांब्याभर पाणी गायब! खाली जमिनीवर एक थेंब नाही. आता बोल."

मुंगीने दादाकडे पाहिलं. मुंगी हे तिचं घरातलं नाव. अंगाने एवढीशी, त्यामुळे कपाटामागे, पलंगाखाली काही पडलं की हाक तिलाच. दादा तिचा सख्खा भाऊ. सुट्टी लागली तशी दोघं आत्याकडे आली होती. पोपट हा आत्याचा मुलगा, आणि त्याला हे नाव का पडलं, हे त्याच्याजवळ पाच मिनिटं बसलं की कळे.

गाडी आजोबांची. गोल डोळ्यांची, फुगऱ्या गालांची, दादाच्या भाषेत 'जाडी मावशी'. पूर्वी जरा चढ लागला की तिच्या तोंडातून वाफ यायची आणि आजोबा तिला सावलीत उभी करून वारा घालायचे. आजोबा गेल्यावर ती आत्याकडे आली. काकांनी, म्हणजे पोपटच्या पप्पांनी, हौसेने मिस्त्रींना बोलावलं आणि इंजिन तापू नये म्हणून तिला मोठा रेडिएटर बसवायचा घाट घातला. पण बॉनेटखाली जागा कुठे होती? मिस्त्रींनी पुढची पट्टी कापली, मागचा पंखा काढून पुढे विजेचा लावला, तेव्हा कुठे तो रेडिएटर कसाबसा आत शिरला. आत बोट घालायला जागा उरली नाही. काकांनी मग गाडीला खालून काळाकुट्ट, जाडजूड रंग फासला, गंज लागू नये म्हणून.

आणि त्यानंतर ते सुरू झालं.

संध्याकाळी गाडी फिरवून आणली, बंद केली, गॅरेजचं दार लोटलं, की थोड्या वेळाने आतून उसासा ऐकू यायचा. लांबलचक, दमलेला. मग मधेच घोट घेतल्यासारखा आवाज. मग पुन्हा उसासा. आदल्या संध्याकाळी मुंगीने तो स्वतः ऐकला होता आणि ती घरात पळाली होती. कारण तो उसासा तिच्या ओळखीचा होता. शेवटच्या आजारपणात आजोबा कूस बदलताना अगदी असाच श्वास सोडायचे.

आत्यानेही तो ओळखला असणार. तिने गॅरेजमध्ये पाऊल टाकणं सोडलं होतं आणि आज दुपारी जेवताना एकदम म्हणाली, "उद्या सकाळी गिऱ्हाईक येतंय. गाडी देऊन टाकते." पुढे ती जेवलीच नाही. ज्या गाडीवर आजोबांनी तिला चालवायला शिकवलं, ती गाडी! मुंगीला फार वाईट वाटलं.

"आजच्या आज शोधायचं," ती म्हणाली. "उद्या गाडीच नसेल."

"आणि आत खरंच कुणी असलं तर?" पोपट दादाच्या मागे सरकला.

"तर तू त्याच्याशी गप्पा मार. तो आपणहून निघून जाईल," दादा म्हणाला.

दिवस मावळायला आला होता. काका आणि मिस्त्री गाडीची शेवटची फेरी मारून आले आणि चहाला घरात गेले. तिघं गॅरेजमध्ये शिरली. एवढ्याशा खिडकीतून पिवळट उजेड येत होता. गाडीचे दिवे त्यांच्याकडेच बघत होते. तापलेलं लोखंड टिक टिक करत होतं.

"झाकणाला कुणी हात लावायचा नाही, भाजेल," दादाने बजावलं आणि चाकांना विटा लावल्या.

मुंगी टॉर्च आणि पाना घेऊन ड्रायव्हरच्या दाराखालून आत सरकली. वर काळी चासी, गाडीचा सांगाडा. नाकाला रंगाचा वास. जमीन कोरडी ठणठणीत. ती कान देऊन पडून राहिली.

घुटुक.

आवाज तिच्या डोक्याजवळूनच आला. पाठोपाठ तो उसासा सुरू झाला आणि गार, ओलसर श्वास तिच्या गालावर आला.

बाहेर पोपट कधी नव्हे तो गप्प होता. मुंगीला पळायचं होतं, पण गाडीखालून पळणार कुठे? तिने डोळे घट्ट मिटले आणि नाइलाजाने श्वास घेतला. आणि तिला वास आला. औषधांचा नाही, आजोबांच्या तेलाचा नाही. गंजक्या बादलीचा!

तिने डोळे उघडले. टॉर्च गालाशी नेला. काळ्या रंगात सुईएवढं भोक राहून गेलं होतं आणि श्वास तिथून येत होता.

"दादा," तिने खालूनच विचारलं, "ही चासी आतून पोकळ असते का?"

"असते की. लांब डब्यासारखी."

तिने पाना उचलून मागच्या बाजूला ठोकून पाहिलं. टण्ण. थोडं पुढे, टण्ण. आणखी पुढे, रेडिएटरच्या दिशेने. ठप्प. पुन्हा ठप्प. रिकामा आणि भरलेला पिंप ठोकल्यासारखा फरक होता.

"हिच्या पोटात पाणी आहे," मुंगी म्हणाली.

पुढच्या टोकाला, चासीच्या तळाशी रंगाचा एक गोल फुगवटा दिसत होता. तिने पान्याच्या टोकाने तो खरवडला. रंगाचं टोपण सुटलं आणि तांबूस पाण्याची धार लागली. मुंगी भिजली, पोपटला कंठ फुटला, आणि त्याच्या किंकाळीने सगळं घर गॅरेजमध्ये धावलं.

मिस्त्रींनी बॉनेट उघडून उजेड पाडला आणि कपाळाला हात लावला. रेडिएटरच्या गळ्याजवळून जादा पाण्याची बारीक नळी निघाली होती आणि तिचं टोक चासीच्या भोकात खोचलेलं होतं.

"बॉनेट लागेना, म्हणून सध्यापुरती खोचली होती," मिस्त्री पुटपुटले. "काका जादा पाण्याच्या बाटलीसाठी जागा करून देणार होते."

"मला वाटलं, ती नळी तिथेच असते," काका म्हणाले. "म्हणून मी वरून छान रंग मारला."

"आणि खालची पाणी निघायची भोकंही बुजवलीत," मिस्त्री म्हणाले. "पण एवढं पाणी आलं कुठून? वर चार बोटं जागा सोडता ना?"

"छे, अगदी गळ्यापर्यंत भरतो. मोठा रेडिएटर आहे, उगाच कंजुसी कशाला?"

"अहो, पाणी तापलं की फुगतं. जादाचं गाडी त्या नळीतून बाहेर टाकते. सकाळी कमी दिसलं की तुम्ही पुन्हा भरता!"

"म्हणजे पाणी आत जायचं आणि आतली हवा त्या भोकातून बाहेर यायची," दादा म्हणाला. "हाच उसासा."

"वर्षभरात चासी आतून कुजली असती," मिस्त्री म्हणाले. "पोरी, आम्ही दोघं वरून बघत राहिलो. तू खाली गेलीस. शाबास."

काकांनी ओशाळून मुंगीच्या डोक्यावर टॉवेल टाकला. "माझ्याकडूनही शाबास. आणि कृपा करून तुझ्या बाबांना सांगू नकोस."

आत्या दारातच उभी होती. धार बारीक होत थेंबांवर आली, तरी ती हलली नाही. मुंगी आत्याजवळ गेली.

"आत्या, मी आजोबांना घालवलं का गं?"

आत्याने तिला ओल्या कपड्यांसकट जवळ घेतलं. "रोज खिडकीशी बसून ऐकायचे मी तो आवाज. भीती वाटायची, आणि तिथून उठवतही नसे. पण त्या आवाजाने झालं काय, मला माझे बाबा आजारीच दिसायला लागले. त्याआधीचे आठवेचनात."

तिने डोळे पुसले आणि फोन उचलून गिऱ्हाइकाला सांगितलं, "उद्या येऊ नका. गाडी द्यायची नाही."

सकाळी मिस्त्रींनी नळीला बाटली जोडली आणि चार बोटं जागा सोडून पाणी भरलं. आत्या ड्रायव्हरच्या जागी बसली, मुंगी तिच्या शेजारी, मागे दादा आणि पोपट. कित्येक दिवसांनी हात लागत होता, त्यामुळे आत्याचा पहिलाच गिअर खर्रकन वाजला. ती क्षणभर थबकली आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"आत्ता बाबा असते ना," ती म्हणाली, "तर काय ओरडले असते माझ्यावर!"