इशरतचा काळा काढा

"विष घातलंय तिनं! फौजदारसाहेब, माझ्या लेकाला विष घातलंय!"

रहिमाबीची आरोळी जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू गेली. साल १९५६, जानेवारीची कडाक्याची सकाळ. फौजदार चिमाजीराव बेड्या घेऊनच आले होते. मोहल्ल्यानं निकाल कधीच देऊन टाकला होता. दुसऱ्याच्या सुनेला नावं ठेवायला लोकांना पुरावा लागतो होय?

खाटेवर दस्तगीर पडला होता, रहिमाबीचा एकुलता एक लेक. डोळे हळदीसारखे पिवळे, ओठ पांढरेफटक. भांड्यातली लघवी कोऱ्या चहासारखी. दारात त्याची बायको इशरत उभी होती, मान ताठ.

"हा काढा कोण देतं?" फौजदारांनी काळं पातेलं पुढं केलं.

"मीच. सुंठ, मिरी, गूळ. रोज, गरम गरम." तिनं पातेलं हिसकावलं आणि उरलेला काढा घटाघटा पिऊन टाकला. "घ्या! आता बसा माझ्या मरणाची वाट बघत."

"अहो, पुरावा प्यायली बाई!" फौजदार ओरडले.

डॉक्टर कुशाबाईंना हसू आवरेना. 'विषबाधा' असं लिहून द्यायला त्यांना बोलावलं होतं. आणि सांगितलं ते मुकाट लिहायचं, हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. दस्तगीरचं रक्त त्यांनी काचेच्या नळीत घेऊन खिडकीत ठेवलं होतं. गोठू नये म्हणून औषध घातलं होतं, तरी नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या धरल्या होत्या. बाईंनी नळी मुठीत घट्ट धरली आणि प्रश्न सुरू केले.

"दस्तगीरभाऊ, लघवी लाल कधी होते?"

"हौदावरनं आलो की. कागदाचा लगदा पाण्यात असतो, त्यात साचा बुडवून उचलायचा. बोटं निळी पडत्यात. नाकाचा शेंडाबी."

"उन्हाळ्यात?"

"कायबी नाय व्हत."

"शुक्रवारी काम बंद?"

"बंद. शुक्रवारी बरं वाटायचं. पण मागच्या शुक्रवारी लईच लाल झाली."

फौजदारांनी मांडीवर थाप मारली. "झालं! काम नव्हतं, काढा व्हता. अजून काय पायजे?"

"काढा तर दर शुक्रवारी होता. रहिमाबी, मागच्या शुक्रवारी तुम्ही काय केलंत?"

"आईनं करायचं ते! लाल लघवी म्हंजे उन्हाळी लागली. उष्णता काढाया विहिरीच्या पाण्यात तासभर बसवला, ओली चादर गुंडाळली. आज सकाळीबी बसवला. तरी उतरंना. मग विष नाय तर काय?"

बाईंनी मूठ उघडली. गुठळ्या विरल्या होत्या, रक्त पातळ झालं होतं. त्यांनी नळी गार पाण्याच्या तांब्यात बुडवली. बघता बघता पुन्हा गुठळ्या.

"हा बघा चोर! ह्याच्याच रक्तातला. रोगाशी लढायला शरीर प्रतिद्रव्यं बनवतं. त्यातलंच एक बिथरलंय. ऊब असली की गप्प बसतं. गारठा लागला की आपल्याच तांबड्या पेशींना चिकटतं, त्यांच्या गुठळ्या करतं, मग त्या पेशी फुटतात. त्यांचा रंग लघवीत उतरतो, डोळ्यांत पिवळा दिसतो, माणूस पांढरा पडतो. बोटं आणि नाक आधी गार होतात, म्हणून तीच निळी. कामाच्या दिवशी हौद होता. शुक्रवारी तुम्ही हौद घरी आणलात, रहिमाबी."

"आणि काढा?" फौजदारांनी विचारलं.

"ह्या घरात त्याला ऊब देणारा तेवढा तोच होता."

रहिमाबीनं दोन्ही मनगटं पुढं केली. "या अल्ला! मला घाला बेड्या, साहेब. मीच..."

"मायेनं चूक झाली, तिला कुठल्या बेड्या?" फौजदार पुटपुटले. "इशरतबाई, तुमी मोकळ्या. जा आत."

इशरत हलली नाही. "नाय जात. अम्मानं गल्लीत ओरडून मला विष घालणारी म्हटलं. गल्लीतच शब्द माघारी घ्यायचा."

"अगं, आई हाय ती," दस्तगीर कण्हला.

"आणि मी कोण हाय?"

रहिमाबी डोळे पुसत रस्त्यावर गेली आणि सकाळच्याच आवाजात ओरडली, "ऐका रे! माझ्या सुनंनं माझा लेक जगवला! चूक माझी हाय, माझी!"

तेव्हा इशरतनं उंबरा ओलांडला. रिकामं पातेलं चुलीवर ठेवलं.

"अम्मा, सुंठ ठेचा. आणि तुमी," ती नवऱ्याकडं वळली, "थंडी सरेस्तोवर हौदाला हात लावायचा नाय. साचा मी धरीन. कोण काय म्हणतंय ते बघतेच."