ओढा म्हणजे खेचा

उज्जैनच्या देवास गेटजवळच्या त्या स्टुडिओत आई आणि मी शिरलो, तेव्हा फोटोग्राफर शिडीवर होता आणि शिडी हलत होती. "काकू, जरा शिडी धरून घ्या ना," तो वरूनच म्हणाला. ना या, ना बसा. मला तो आगाऊ वाटला... आणि आवडलाही, खोटं कशाला बोलू?

आता कुणाच्याही खिशातून फोटो निघतो. तेव्हा साडी नेसून, पावडर लावून, टेम्पोत बसून फोटोला जावं लागे. गल्लोगल्ली नुकत्याच कलर लॅब निघाल्या होत्या, आणि भिंतीवर रंगवलेल्या सरोवरापुढे बसायला कोणी तयार नव्हतं. म्हणून हा यज्ञेश्वर — नावावरून मला वाटलं होतं, कोणी पिकल्या मिशांचे गृहस्थ असतील — छताखाली तीन नळ्या टांगत होता. प्रत्येक नळीवर एक पडदा गुंडाळलेला आणि बाजूला साखळी. साखळी फिरवली की पडदा खाली, उलटी फिरवली की वर. नव्या कापडाचा आणि ओल्या चुन्याचा वास एकत्र आला की अजून मला तीच खोली आठवते.

आम्ही मात्र घाईत होतो. बाबांची बँकेतून उज्जैनला बदली झालेली, माधव नगरात बिऱ्हाड नुकतंच लागलेलं, आणि नाशिकच्या एका स्थळाला माझा फोटो हवा होता. फोटो पसंत पडला की मुलगा बघायला येणार. मला नाशिकला जायचं नव्हतं. पण का नाही, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि उत्तर नसलेल्या मुलीचं घरात कोण ऐकतं?

आईनं शिडी धरली, मी साखळी. निळा पडदा अर्ध्यात अडकून एका बाजूला कलला. मी म्हणाले, "अहो, तुमच्याकडे ओढून घ्या."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग दोन पायऱ्या उतरला, पडद्याचं टोक उचललं — आणि शालीसारखं अंगावर घेतलं.

मी हसत सुटले. "ओढा म्हणजे खेचा हो..."

"मग खेचा म्हणा ना," तो पडद्यातून गंभीरपणे म्हणाला. "आमच्या इथे ओढणं म्हणजे अंगावर घेणं. मी म्हटलं, यांना माझी थंडी दिसून राहिली."

पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनचं घराणं त्याचं. मराठी घरची, शब्द अर्धे हिंदीचे.

त्या दिवशीच्या फोटोत माझं हसू आवरलंच नाही. बत्तिशी पाहून आई म्हणाली, हा काही स्थळाला पाठवायचा फोटो नव्हे. दुसऱ्यांदा गेलो, तर फोटोत पडदा वर गेलेला आणि माझ्या डोक्यामागे नुसती भिंत. यज्ञेश्वर फार हळहळला, साखळीला दोष दिला. तिसऱ्यांदा त्यानं मला करड्या पडद्यापुढे बसवलं. हनुवटी वर करायला सांगितली — हात न लावता, नुसत्या नजरेनं. मी पाहिलं... तो फोटो असा निघाला की आईनं दुकानातच माझ्यावरून बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी, आणखी एक प्रत हवी असं सांगून मी एकटीच गेले. तो गुलाबी पडदा चढवत होता.

"गेला का फोटो नाशिकला?" त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"उद्या जाईल."

तो खाली उतरला. "दुसरा फोटो मी मुद्दाम बिघडवला होता. तिसराही बिघडवणार होतो... पण तुम्ही तसं पाहिलं, आणि मला नाही जमलं." त्यानं गुलाबी पडद्याचं टोक हातात धरलं. "तुमचा तो शब्द — ओढ. त्याचा अजून एक मतलब असतो ना? तो मला आता समजून राहिलाय."

माझं उत्तर मला सापडलं. "मग घरी येऊन सांगा," मी म्हणाले, "आणि ताणू नका, आजच सांगा."

तो आला, घामाघूम होऊन. त्यानं मला मागणी घातली, तेव्हा बाबांचं तोंड पेपरात. शेवटी बाबा म्हणाले, आमच्यात शेवटचा शब्द साताऱ्याच्या आजीचा, तिला मुलाचा फोटो पाठवावा लागेल. नाशिकचं तोवर थांबवू. तेव्हा उघड झालं की अख्ख्या गावाचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा, मिसरूड फुटल्यानंतरचा एकही फोटो नव्हता.

म्हणून मी काढला. कॅमेरा त्यानंच माझ्या हातात दिला आणि पडद्यापुढे चोरासारखा उभा राहिला. एरवी मुलीनं मुलाकडे टक लावून पाहिलं तर लोक बोलतात. कॅमेऱ्यातून हवं तितकं पाहता येतं, आणि मी पाहिलं. दुमडलेली कॉलर, माझ्यावरून न हलणारे डोळे... बटण दाबताना माझा हात थरथरला.

फोटो पार हललेला निघाला. मी दुसरा काढते म्हटलं, पण बाबांनी तोच पाकिटात घातला. मुलगा नीट दिसलाच नाही तर आजी नकार देईल, असा त्यांचा होरा.

आठवड्यानं त्यांनी बूथवरून एसटीडी लावला. आजीला कमी ऐकू यायचं, म्हणून ती ओरडूनच बोले. दाराशी उभ्या मलाही सगळं ऐकू येत होतं.

"यात मुलगा काही दिसत नाही रे, काढणाऱ्याचा हात हललाय. काढला कुणी?"

"जयूनं," बाबा म्हणाले.

बूथमधल्या मीटरचे आकडे पळत होते.

"मग दिसलं मला," आजी म्हणाली. "देऊन टाक पोर त्याला."