आणखी दोन दिवस

सुकदेवची आणि कुमुदची ओळख झाली ती सुईच्या टोकाने.

धुळ्याच्या त्या खासगी हॉस्पिटलात तेव्हा एक रीतच पडून गेली होती. जो खाटेवर आडवा झाला त्याला सलाईनची बाटली लागायची. ताप असो, खोकला असो, नाहीतर नुसती झोप लागत नसो. मोठे डॉक्टर राउंडला येत, खाटेच्या पायथ्याशी क्षणभर थांबत आणि पुढे जाताना म्हणत, "सिस्टर, बाटली लावा." खेड्यावरून आलेल्या माणसांनाही ते बरं वाटायचं. बाटली टांगल्याशिवाय औषध झालं असं कुणी मानतच नसे.

त्या दुपारी कुमुद ट्रे घेऊन जनरल वॉर्डात आली, तेव्हा खिडकीजवळच्या खाटेवर एक माणूस तोंडावर गमछा घेऊन पडला होता. तिने त्याचा हात ओढला, रबर बांधलं, शीर चाचपली. हात चांगला भरदार, उन्हाने रापलेला. सुई टोचली तशी गमछ्याखालून नुसता एक श्वास ऐकू आला… मग गमछा थोडा सरकला आणि दोन टवटवीत डोळे तिच्याकडे बघायला लागले.

"दुखलं का?" तिने सवयीने विचारलं.

"नाही… चालू द्या."

बाटली अर्धी उतरली, आणि दारातून एक म्हातारा लुंगी सावरत आत आला. हे झुलालनाना. पारोळ्याचे. खाट त्यांची, पोटदुखी त्यांची, ते नुसते एक्स-रे काढायला खाली गेले होते.

"अरे सुक्या! मन्ही बाटली तुले कशी लागनी?"

सगळा वॉर्ड हसला. कुमुदचे कान तापले. तिने घाईघाईने सुई काढली, कापूस दाबला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला तोंड नव्हतं का हो सांगायला?"

"होतं ना," सुकदेव म्हणाला, "पण हात तुमच्या हातात होता. सोडवून घ्यावासा वाटेना."

गंमत अशी, की संध्याकाळी नाना उठून बसले, पोट दुखायचं थांबलं म्हणाले, आणि दोन भाकरी खाल्ल्या. बाटली चढली पुतण्याला आणि बरं वाटलं काकाला. सुकदेवने हे कुमुदला सांगितलं तेव्हा ती हसली खरी. पण त्या हसण्यात कुठेतरी खडा लागला. आत्तापर्यंत लावलेल्या बाटल्यांपैकी किती अशाच होत्या, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा मनाशी विचारलं. आणि लगेच विचार बाजूलाही सारला. दोंडाईचाच्या घरात वडील नव्हते, धाकट्या बहिणी शिकत होत्या. नोकरी करणाऱ्याने असले विचार फार वेळ जवळ ठेवायचे नसतात.

नाना घरी गेले, पण सुकदेवचं धुळ्याला येणं काही थांबलं नाही. पारोळ्याच्या बाजारात त्याचं विहिरीवरच्या मोटारींचं वाइंडिंग करायचं छोटं दुकान होतं. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी भरायची. तांब्याची तार धुळ्याला मिळे. पूर्वी ती महिन्यातून एकदा लागायची. आता दर आठवड्याला संपू लागली.

"एवढी तार लागते तुम्हाला?" कुमुदने एकदा हॉस्पिटलसमोरच्या चहाच्या टपरीवर विचारलं.

"पारोळ्याच्या सगळ्या मोटारी जळायला लागल्यात," तो बशीत चहा ओतत म्हणाला. "माझ्यासारख्याच."

"चहा प्या. निवतोय."

कधी ती दोघं पांझरेच्या काठाने चालत जात. नदीत पाणी थोडं, दगडच जास्त. तो दगडावरून दगडावर उडी मारून पलीकडे जाई आणि हात पुढे करी. ती हात न धरताच येई… आणि शेवटच्या दगडावर मात्र धरी. थंडी सुरू झाली तसा तो घरून डब्यात भरीत आणि कळण्याची भाकरी आणू लागला. "आईने दिलंय," म्हणायचा. "मी सांगितलं, धुळ्याला एक सिस्टर आहे, फार वाळलीय."

"खोटं!"

"वाळली नाहीस, एवढंच खोटं."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते तिला कळलंच नाही. तिच्या तोंडून मात्र 'तुम्ही'च निघत राहिलं. त्यालाही ते आवडत असावं.

त्याच सुमारास हॉस्पिटलात मुंबईहून सोनोग्राफीचं मशीन आलं. नारळ फुटला, पेढे वाटले. आणि मग मशीनला काम पाहिजे म्हणून सगळ्यांचीच पोटं आतून दिसायला लागली. पाय मुरगळून आलेल्या एका गड्याचंही पोट बघितलं गेलं. नर्सेस आपसात हसल्या. कुमुदही हसली. मोठ्या डॉक्टरांसमोर कुणी बोललं नाही.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी सुकदेव आईला घेऊन आला. बेबाबाई उपासाच्या दिवशी उन्हात कापूस वेचता वेचता चक्कर येऊन पडल्या होत्या. दोन दिवस बाटल्या लागल्या, रक्त तपासलं, लघवी तपासली, छातीचा फोटो निघाला, नव्या मशीनवर पोटही बघून झालं. काही निघालं नाही. बाई दुसऱ्याच दिवशी खाटेवर मांडी घालून शेजारणीशी गप्पा मारायला लागली.

"पोऱ्या, माले घर लई चाल," ती सुकदेवला म्हणायची. "मी बरी शे. आठे मन्हा जीव घाबरस."

त्याने कुमुदला जिन्याजवळ गाठलं. "कुमुद, खरं सांग. डॉक्टर काय सांगतात ते नको, तू सांग. आईला घरी नेऊ?"

तिला उत्तर ठाऊक होतं. त्या बाईला पोटभर जेवण आणि चार दिवसांची विश्रांती हवी होती, बाकी काही नाही. 'न्या' एवढा एक शब्द म्हणायचा होता…

पण सुकदेव तिच्याकडे बघत होता. गेले दोन दिवस तो सकाळी दिसायचा, दुपारी दिसायचा, संध्याकाळी तिची ड्यूटी संपताना व्हरांड्यात उभा असायचा. दार उघडलं की तो आहे. ही सवय इतक्या लवकर लागते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आणखी दोन दिवस राहू द्या," ती म्हणाली. "बघू… अशक्तपणा आहे."

"तू म्हणतेस तर राहू दे." तो लगेच म्हणाला. किती लगेच!

ते दोन दिवस कुमुदच्या आयुष्यातले सगळ्यात गोड दिवस होते, आणि हेच पुढे तिला सगळ्यात जास्त टोचलं. दुपारी ती गच्चीवर वाळलेल्या चादरी काढायला जाई आणि तो मागून येई. चादरींच्या दोन रांगांमध्ये, कडक सुती वासात, तो म्हणाला होता, "दुकानामागे एक खोली आहे. भिंतीला चुना लावून घेतो. चालेल ना?"

"कुणाला चालेल?"

"जिला हात न धरता नदी ओलांडता येते, तिला."

तिने चादर तोंडापुढे धरली. 'हो' चादरीतच म्हणाली. त्याला ऐकू गेलं असावं, कारण तो जिना उतरताना शीळ घालत होता.

दोनाचे पाच दिवस झाले. डॉक्टरांनी बाटलीत घालायला भारीतलं पिवळं इंजेक्शन लिहिलं, पुन्हा रक्त तपासायला लावलं. बेबाबाईंची शीर सापडेना, हात सुजून मनगटापर्यंत टम्म झाला. म्हातारी आता गप्पा मारत नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. कुमुद तिच्या हाताला लेप लावायची आणि तिच्या डोळ्यांकडे बघायचं टाळायची.

सहाव्या दिवशी सुट्टी मिळाली. सुकदेव सकाळपासून दिसला नाही. दुपारी आला, खिडकीवर पैसे भरले, आईला रिक्षात बसवलं. कुमुद दारापर्यंत आली होती. तो नेहमीसारखा काही गमतीचं बोलेल म्हणून ती थांबली… पण तो नुसता मान हलवून गेला.

मग कितीतरी दिवस तांब्याची तार संपलीच नाही.

अखेर एके दिवशी झुलालनाना बाजाराला आले असता हॉस्पिटलात डोकावले. त्यांच्याकडून कळलं — हॉस्पिटलच्या बिलासाठी काढलेलं कर्ज फेडायला सुकदेवने वाइंडिंगचं मशीन विकलं, दुकानाची किल्ली मालकाला परत दिली. उद्याच्या गाडीने सुरतेला चालला होता. तिकडे कापडाच्या गिरणीत ओळखीच्या माणसाने काम बघून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून एसटी स्टँडवर गेली. सुरतेची गाडी लागली होती. खाली पत्र्याच्या ट्रंकेजवळ तो उभा होता. दाढी वाढलेली. तिला बघून त्याचा चेहरा उजळला आणि तितक्याच पटकन विझला.

"मला सांगितलं नाही तुम्ही."

"काय सांगणार? खोलीला चुना लावायच्या आधी खोलीच गेली."

कुमुद वाटभर जुळवलेलं सगळं बोलणं विसरून गेली. "आईंना काही झालं नव्हतं," ती एका दमात म्हणाली. "मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाच माहीत होतं. मी राहू द्या म्हटलं… कारण तुम्ही गेला असतात."

तो शिव्या देईल, निघून जाईल, काहीतरी करेल असं तिला वाटलं. तो ट्रंकेवर बसला.

"मलाही माहीत होतं," तो म्हणाला. "माय रोज म्हणायची, घरी ने. ती बरी आहे हे मला दिसत नव्हतं का? पण घरी नेलं असतं तर व्हरांड्यात उभं राहायला कारण कुठलं होतं? तू 'राहू द्या' म्हणालीस… आणि मला इतका आनंद झाला, कुमुद. मायच्या हातात सुई, आणि मी शीळ घालत जिना उतरत होतो."

ती रडायला लागली.

"आपल्या हौसेचं बिल तिच्या नावावर फाटलं," तो म्हणाला. "ती काही बोलत नाही. म्हणून जास्त लागतं."

कंडक्टरने घंटी वाजवली. सुकदेव उठला. 'थांबते' असं म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. 'थांब' असं त्यालाही म्हणायचं असावं, कारण त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. दोघांनाही वाटलं, आता मागायचा हक्क राहिला नाही. असं वाटणंच चुकलं, हे कुमुदला फार पुढे कळलं. त्या क्षणी मात्र गाडी साक्री रोडला लागून गेली होती, आणि ती हातातला रुमाल पिळत उभी होती.

वर्षाच्या आत तिने ते हॉस्पिटल सोडलं. खाटेजवळ उभं राहून नातेवाइकांना ती हळूच 'घरी न्या' म्हणायला लागली होती, आणि ते डॉक्टरांच्या कानावर गेलं होतं. शिंदखेड्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात तिला काम मिळालं. पुन्हा थंडी पडली तेव्हा एका रविवारी, मन आवरेना म्हणून, ती पारोळ्याला गेली.

बेबाबाई अंगणात वांगी भाजत होत्या. तिला बघून त्या धावतच आल्या आणि तिच्या गालांवरून हात फिरवला. बळेच पाटावर बसवलं, ताट वाढलं. सुकदेव बरा आहे म्हणाल्या. नवापूरकडची मुलगी बघितलीय, "चैतमा लगीन शे तेन्हं. तू येजो हां, पोर."

"येईन, अक्का," कुमुद म्हणाली. घास हातातच राहिला.

शेजारच्या दोन-तीन बाया गोळा झाल्या होत्या. बेबाबाई त्यांना अभिमानाने सांगायला लागल्या, "हाईच ती धुळ्यानी सिस्टर! हाई व्हती म्हनीसन मी वाचनू. बठ्ठी गल्लीले सांगस मी, काही झायं ते तठेच जा. काय बाटल्या लायात माले! इतल्या तर सरपंचना बापलेबी लाया नहीत."

एक बाई मान डोलावून म्हणाली, तिच्या सुनेलाही चक्कर येते, उद्याच नेते तिथे.

कुमुदने ताट बाजूला सारलं. "नका नेऊ," ती म्हणाली. "आधी सरकारी दवाखान्यात दाखवा, पोटभर खाऊ घाला. अक्का, ऐका माझं. तुम्हाला तेव्हा काहीसुद्धा झालं नव्हतं."

बेबाबाई खळखळून हसल्या. मग तिच्याकडे बघता बघता त्यांचं हसू थांबलं.

"काही झायं नव्हतं, ते इतल्या बाटल्या कसाले लायात, माय?"

अंगणात वांग्याच्या सालींचा धूर होता. बाया उत्तरासाठी थांबल्या होत्या.

"माझ्यासाठी, अक्का," कुमुद म्हणाली.

म्हातारीला काही उमगलं नाही. "तुम्हनं दवाखानानं बोलणं माले काही समजत नही," असं म्हणत तिने पुढे सरकून ताट पुन्हा कुमुदसमोर ओढलं, आणि त्याच, एकेकाळी सुजलेल्या हाताने, भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला.